बाजेवरचं वाकडं शंकरपाळं

काल तुही तेरवी झाली. लोकं जेवून गेले, मांडववाल्यानं सतरंज्या उचलल्या, अन् मंग सुमननं तुही बाज मागतली.

सगळ्यायसमोर मागतली. हात धुवून आली, पदराले पुसले अन् म्हणे, "भाऊजी, बाईची बाज मी अकोल्याले नेतो." विचारलं नाई, सांगतलं. जशी काय आपली शाल इथं इसरून गेली होती अन् आता घेऊन चालली.

मी म्हटलं, "बाज माही आहे."

"विणली कोणं?"

"अन् निजली कोण तिच्यावर? माही बायको."

आपला राजू मधात पडला. बाबा, मावशी, आज नका ना. शेजारच्या बाया आंगणातच होत्या, त्या ताटं धुता धुता थांबल्या. मी बाजेवर जाऊन बसलो. दोन्ही हातानं लाकूड धरून बसलो, फुला. या वयात लहान पोट्टं फुगा धरून बसते तसा.

फुला. पाह्य, आता लिहून राहिलो म्हणून नाव आलं. तोंडानं कधी म्हटलं नाई. 'अवो' म्हटलं की तू यायची. सुमन तुले 'बाई' म्हणे, तिची तर मोठी बहीणच तू, पण त्या 'बाई'त जेवढा हक्क होता तेवढा माह्या 'अवो'त नव्हता, हे मले लगन झालं तवापासून माहीत आहे.

मी चौथीपर्यंतचा माणूस. सारा जन्म जिनात गेला, सरकी अन् रुई वेगळी करणाऱ्या मशिनीपाशी. कागदाशी माहं जमत नाई. पण तुह्या-माह्यातलं एक भांडण अर्धं राह्यलं आहे. तू आता उत्तर देत नाई म्हणून मी चूप बसीन असं तुले वाटत असन, तर तू मले ओळखलंच नाई.

भांडण सुमनचंच. दुसरं कोणाचं असन? ती रायते अकोल्याले, पण राह्यली सारा जन्म आपल्या घरात. सणाले आली की तुमी दोघी चुलीपाशी बसा. ती म्हणे, "बाई, ते मंगळवारचं..." अन् तू म्हणे, "हो न, वरून पाय पुसून गेला!" अन् दोघी हासून हासून लोळा. मी दारातून विचारलं, काय झालं वो, तर तुमी डोळे पुसत म्हणा, "काई नाई." मले सारा जन्म हेच भेटलं. सुमनले गोष्ट, मले काई नाई.

एकदा तू अकोल्यावरून आली, मेथी निवडत बसली होती. मी सरळ विचारलं, "जे सुमनले सांगतं ते मले काहून नाई सांगत?"

तू वर पाह्यलं बी नाई. म्हणे, "तुमी आयकता कुठी? माहं अर्धं तोंडात असते तर तुमचं पुरं होऊन जाते. सांगीन कधी निवांत."

निवांत आलंच नाई. झटका आला.

तोंड वाकडं झालं अन् आठ-पंधरा दिवसात सरळ बी झालं. हात हलले, पाय चालले. लोकं म्हणे, लहानात निभावलं बाप्पा. घरी आलो अन् मंग एकेक दिसाले लागलं. तू मीठ आणाले आत जाय अन् तिथंच उभी राय, रिकाम्या हातानं, डबे पाहत. वरणात फोडणी घालत असतानी दारावर कोणी हाक मारली की फोडणी गेली. बोलता बोलता वाक्य अर्ध्यातून सुटे अन् तू माह्याकडे पाहे, जशी काय मीच ते हिसकलं. पण जुनं सारं ठावं. माह्या मायनं तुले पहिल्या दिवाळीले काय टोमणा मारला तो शब्दासकट ठावा. मले वाटलं, सोंग करून राहिली. नकोशी कामं इसरते अन् भांडणं बरोबर याद ठेवते.

मंग त्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. बाई कायची, पोरगीच. तिनं तुले तीन शब्द सांगतले, तू परत सांगतले. मंग शब्द सांगून मधातच म्हणे, काकू, हा कागद दुमडा बरं. तू कागद लय सुंदर दुमडला. शब्द गेले होते.

तिनं तुह्या डोक्याचा फोटो कॉम्प्युटरवर लावला. म्हणे, "काका, काकूंची आठवण गेलेली नाही. जुनं जपणारा भाग आत खोल आहे, तो शाबूत आहे. गेलंय ते धरून ठेवणं."

"आठवण अन् धरणं, याच्यात फरक काय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं, दुकानातून जिरं, हळद, काडेपेटी आणा. दुकानापर्यंत ते तुम्ही मनात धरून नेता. सामान मिळालं की सोडून देता. ते धरणं. त्याच्यावरच माणूस स्वयंपाक करतो, हिशोब करतो, वाक्य पुरं करतो."

"अन् ते कुठी असते?"

"एका जागी नसतं. शब्दांचा आवाज इथे डाव्या बाजूला, मनातल्या मनात घोकला जातो. कोणती वस्तू कुठे ठेवली ते इथे, डोक्याच्या मागे, वरच्या बाजूला. चेहरे खाली. आणि कपाळाच्या मागचा हा भाग आहे ना, हा स्वतः फारसं काही साठवत नाही. हा बाकीच्यांना जागं ठेवतो. म्हणतो, सोडू नका, काम अजून व्हायचंय. कोणी मधे आलं तर त्याला बाहेर थांबवतो. काकूंना नेमका इथेच धक्का बसलाय."

मी म्हटलं, जिनात मुकादम रायते तसं. मुकादम सोता रुईची गाठ उचलत नाई, पण तो चहा प्याले गेला की सारं ढिलं पडते.

ती हासली. "अगदी तसंच नाही काका, पण चालेल."

खरं सांगू? मले त्या पोरीचा राग आला. चांगली होती, गोड बोलत होती, तरी आला. एवढा जन्म मी तुह्या बाजूले निजलो, अन् तुह्या आतलं ते राखुंडी रंगाचं, अक्रोडासारखं, हे पाह्यलं कोणं? तर कालच्या पोरीनं, हातात पेन घेऊन. इथं आवाज, इथं चेहरा. मी विचारलं, "याच्यात मी कुठी आहो?"

"तुम्हीही एका जागी नाही, काका. आवाज इथे, चेहरा तिथे, जुन्या गोष्टी आणखी कुठे."

"म्हणजे तुकडे करून ठेवले."

"तुकडे म्हणा हवं तर. पण ते एकमेकांना जोडलेले असतात."

"अन् इच्या बहिणीचे बी असेच तुकडे?"

"हो."

"कोणाचे जास्त?"

तू माह्या बाजूले बसली होती. तू तोंडाले पदर लावून हासली. ते हासणं तेवढं मी घरी आणलं.

पण निघतानी त्या पोरीनं मले एक गोष्ट देली, तिच्यासाठी मी तिचे सारे गुन्हे माफ केले. म्हणे, कपाळाचं काम आता बाहेरून कोणीतरी करायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ती त्यांना म्हणायला लावायची. वस्तू डोळ्यासमोर ठेवायच्या, झाकून नाही.

"कोणीतरी म्हणजे मी."

"तुम्हीच, काका."

म्हातारपणी नोकरी लागली मले, फुला. अन् कुठी लागली, तर तुह्या कपाळामागं. जिथं सुमनले जागा नाई. राजापेठच्या गर्दीतून तुहा हात धरून आलो, क्लासच्या पोट्ट्यायच्या गाड्या दोन्हीकडून सुटून राहिल्या होत्या, अन् मी मनात म्हणत होतो, आता पाहू कोण काय सांगते कोणाले.

जमलं बी. मी म्हणे, "मीठ." तू म्हणे, "मीठ." अन् आत जाईपर्यंत बारीक आवाजात म्हणत जाय, मीठ मीठ मीठ, मांडीवरचं लेकरू झोपवतेत तसं. तू मिठाचा डबा घेऊन आली की मले वाटे, ते मीठ नाई, माहा शब्द आणला इनं सांभाळून. माहा शब्द. कोणी मधात बोललं की मी आंगावर जाय. दूधवाला म्हणे, "काका, आता घंटी बी नको वाजवू का?" म्हटलं, नको वाजवू, ती धरून आहे.

मंग सुमन आली.

उन्हाळा होता. म्हणे, पंधरा दिवस रायतो, बाईची सेवा करतो. पिशवीत सुतळीचे गट्टे घेऊन आली. गच्चीवर आपली जुनी बाज पडली होती, विण तुटून खाली लोंबत होती. तिनं ती आंगणात उतरवली, जुनी सुतळी कापून फेकली अन् तुले म्हणे, "बाई, बस. बाबानं शिकवली तशी बाज विणू."

मी म्हटलं, "सुमन, ते होणार नाई. डॉक्टर म्हणे एका वेळी एकच."

"भाऊजी, तुमी सावलीत बसा."

तुमच्या बापानं तुमाले पोट्ट्या असतानी शिकवलं होतं हे मले माहीत होतं. एकीनं नक्षी मनात धराची अन् सांगाचं, दुसरीनं नुसते हात चालवाचे. पण कशी असते ते मी पाह्यलं नव्हतं. सुमन उशाकडे बसली अन् गाण्यासारखं सुरू केलं. "दोन दाब. दोन उचल. ओढ बाई. दोन दाब. एक सोड." अन् तुहे हात! तुहे हात जे चहाच्या कपापाशी जाऊन थांबत होते, ते त्या सुतळीत असे शिरले जशी चिमणी खोप्यात शिरते. इचार नाई, थांबणं नाई. दुपारपर्यंत बाजेवर शंकरपाळ्यायची रांग उभी राह्यली, एकासारखं एक.

मी पाहत राह्यलो. आंग जळून राहिलं होतं.

तपासणीले गेलो तवा त्या डॉक्टर पोरीले सांगतलं. मनात होतं, ती म्हणन असं करू नका, नुकसान होईन. ती तर टाळ्या वाजवाले लागली. म्हणे, हातांची जुनी सवय वेगळ्या ठिकाणी असते, ती शिल्लक आहे. आणि नक्षी धरून ठेवायचं काम मावशींनी केलं. "बघा ना काका, मावशी त्यांचं कपाळ झाल्या."

माही नोकरी गेली. लोकाच्या जागेवर बसली ती, अन् वरून टाळ्या.

घरी आलो. सुमन भाजीले गेली होती. बाज अर्धी झाली होती. मी उशाकडे जाऊन बसलो अन् म्हटलं, "बस. आज मी सांगतो."

तू माह्याकडे पाह्यलं. "तुमाले येते?"

"एवढं आयकलं, येईन नाई त काय? दोन दाब."

तू दाबले.

"दोन उचल. ओढ. एक... दोन दाब."

मले कायचं येते! मुकादमासारखा हुकूम सोडत गेलो. जिथं सोडाचं तिथं दाबाले लावलं, जिथं दाबाचं तिथं उचलाले. तुले कळलं नाई, कारण पहिली ओळ तू मनात धरून ठेवूच शकत नव्हती. मी सांगीन तेच खरं. दुसरी कोणी असती त हात झटकून उठली असती. तू इमानदारीनं माही एकेक चूक सुतळीत बसवली, गच्च, ओढून ओढून. अन् मधातच आपण हासाले लागलो. तू म्हणे, "काहो, हे शंकरपाळं आहे का मेलेला बेंडूक?" मी म्हटलं, "बेंडूकच. पण माहा आहे."

सुमन आली. पिशवी हातातच. "अरे देवा. हे कोणं केलं?"

तू माह्याकडे बोट दाखवलं. तू धरून होती, फुला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, पण कोणं केलं ते तुह्यापाशी होतं.

सुमननं बाकीची बाज सरळ पुरी केली. ते वाकडं तसंच राह्यलं, उशाच्या उजव्या बाजूले. काहून राह्यलं, तिनं काहून उसवलं नाई, हे मी तवा विचारलं नाई. मले वाटलं, माही फजिती म्हणून मुद्दाम ठेवली. आल्या-गेल्याले दाखवाले.

ती गेल्यावर बी तू त्याच बाजेवर निजे. सकाळी आंगणात सावली असेपर्यंत. मी एकेक शब्द देत जाय, तू घोकत जाय. आपलं बरं चाललं होतं. मी आता कमी बोलत होतो न? एका वेळी एकच गोष्ट सांगाची म्हटल्यावर माणूस आपोआप थांबाले शिकते. सांगून चूप राहाचं, अन् तुह्या ओठाकडे पाहाचं. 'तुमी आयकता कुठी' म्हणे न तू? आयकत होतो. सारा दिवस आयकत होतो. पण आता तुह्यापाशी लांब गोष्ट राह्यली नव्हती. दोन शब्दायपुढं जे होतं ते सुटून जाय. मले कान आले तवा तुही गोष्ट गेली.

त्या सकाळी दूध फाटलं होतं. मी म्हटलं, कोपऱ्यावरून घेऊन येतो. तुह्यापाशी वाकलो अन् म्हटलं, "मी आलोच." तू म्हणे, "आलोच."

परत आलो त तू तिथंच होती. डोळे उघडे, पण माह्याकडे नव्हते. आवाज निघत नव्हता. ओठ हलत होते. एकच काहीतरी, परत परत, मीठ मीठ करत जाय तसं. मी कान लावला. लय जवळ लावला. हवाच येत होती. शेजारच्या पोरायनं तुले बाजेवरून खाली घेतलं, तोंडात पाणी टाकलं. ओठ थांबले.

काय होतं ते, फुला?

सुमन अकोल्यावरून आली, पहिला प्रश्न तोच. "काय म्हणे बाई?" म्हटलं, आवाज नव्हता, ओठ हलत होते. तिनं छाती पिटली. "मलेच बोलावत असन. सुमन, सुमन म्हणत असन." तेवढ्या दुःखात बी माह्या मनात आलं, हिचं नाव एवढं लांब नाई, तुह्या ओठाची हालचाल वेगळी होती. कौंडण्यपूरले अस्थी नेल्या तवा बी मडकं मीच मांडीवर धरलं, साऱ्या रस्त्यानं. ती म्हणे, "भाऊजी, हात अवघडले असतीन, द्या उलसाक वेळ माह्यापाशी." म्हटलं, नाई अवघडले. अवघडले होते.

अन् काल ही बाज.

मी लाकूड धरून बसलेला, ती माह्यासमोर उभी. बाया पाहत होत्या. मी म्हटलं, "सुमन, सारा जन्म तुलेच सांगत आली ती. मले काय भेटलं? आता ही बाज बी तुलेच?"

 सुमन तिथंच, खाली ओट्यावर बसली. आवाज बारीक झाला.

म्हणे, "मले काय सांगत होती, माहीत आहे का तुमाले? हे काय म्हणे अन् ते काय म्हणे. 'यायनं' असं केलं अन् 'यायनं' तसं केलं. पाय पुसून गेला म्हणून हासत होतो न, तो तुमीच होते. नव्या लुगड्याले पाय पुसून जिनात गेले. सारा जन्म मी तुमच्या गोष्टी आयकल्या, भाऊजी. माही एक गोष्ट सांगाले मले जागा भेटली नाई."

मी म्हटलं, "मंग मले काहून नाई सांगे?"

"तुमची गोष्ट तुमालेच काय सांगणार?"

बाया हासल्या. तेरवीच्या आंगणात हासल्या, तोंड फिरवून.

मंग ती उठली अन् बाजेच्या उशापाशी येऊन त्या बेंडकावर हात ठेवला. म्हणे, "अन् हे. मी उसवाले बसली होती. कैची घेऊन. बाईनं माहा हात धरला. ज्या बाईले मिठाचा डबा धरून ठेवता येत नव्हता, तिनं माहा हात धरून ठेवला अन् म्हणे, राहू दे, ते त्यायचं आहे. मंग मी चहा घेऊन आली त मले वाटलं, आता इसरली असन. परत कैची लावली. परत धरला. मी विणलेल्या साऱ्या बाजेवरून तिचं बोट एकदा फिरलं नाई. निजली की हेच चाचपे. म्हणून मागतो मी ही बाज. माह्या सरळ विणीसाठी नाई. मले हे वाकडं पाह्याचं आहे. काय होतं याच्यात, जे माह्यात नव्हतं?"

खोटं कायले सांगू? मी खुश झालो. तुह्या तेरवीच्या दिवशी, लोकायसमोर, आतून असा खुश झालो की मान खाली घालावी लागली. सुमन जळून राहिली होती! माह्यावर! एवढी वर्सं मी एकटाच जळतो असं मले वाटे.

अन् मंग तिच्याकडे पाह्यलं. पांढरे केस सुटलेले, अकोल्याची शेवटची बस चुकन म्हणून पिशवी खांद्याले, अन् हात त्या बेंडकावर. ती बी म्हातारी झाली, फुला. तुही जी हासायची रीत होती ती आता फक्त तिच्यापाशी राह्यली. 'पाय पुसून गेला' म्हणतानी तिचा आवाज थेट तुह्यासारखा निघाला. त्या डॉक्टर पोरीले आज विचारलं पायजे, माणूस मेल्यावर त्याचे तुकडे दुसऱ्यायच्या डोक्यात रायतेत का. अन् ते जोडाचे असले त कोणं कोणापाशी जाचं.

बाज देली नाई. ते माह्यानं होत नाई, तू बी मले सांगू नको. पण तिले दारापर्यंत सोडाले गेलो. म्हटलं, "सुमन, पायथ्याची दोरी ढिली झाली. एकट्यानं ताणल्या जात नाई. पुढच्या महिन्यात येजो. तू सांगजो, मी ओढीन."

म्हणे, "तुमी आयकान?"

म्हटलं, "आता आयकतो."

ती गेली. मी येऊन बाजेवर आडवा झालो, तुह्या जागेवर. बोट आपोआपच तिथं गेलं. ते ओठ कायले हलत होते ते तू सांगतलं नाई, अन् आता कोणी सांगणार बी नाई. मी 'आलोच' म्हणून गेलो होतो, अन् आलो होतो, एवढं मले माहीत आहे. तू ते धरून होती असं मी मानतो. सुमनले जे मानाचं ते तिनं मानावं.

तिले येऊ दे. गोष्टी सांगू दे, माह्याच मले सांगू दे. साऱ्या बाजेची विण ताणू दे. त्या वाकड्याले मात्र मी तिले हात लावू देणार नाई.